बिघाड परत आण

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात 1994 च्या हंगामाआधी दुसरा वजनकाटा बसला. पहिल्या काट्यावर ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सगळ्याच जायच्या, त्यामुळे गेटबाहेर रांग लागायची. ऊस तोडल्या क्षणापासून वाळायला लागतो. गाडी जितका वेळ रांगेत उभी, तितकं वजन घटतं आणि साखरेचा उताराही पडतो. त्यात तोलाईवर दोघांचं पोट: शेतकऱ्याचं बिल टनावर आणि ऊसतोड मजुराची मजुरीही टनावर. म्हणून नवा काटा फक्त बैलगाड्यांसाठी ठेवायचं ठरलं, तेव्हा कोणी नाही म्हटलं नाही.

खड्डा खणला, प्लॅटफॉर्म बसला, लोडसेल जोडले, केबिनमध्ये लाल आकड्यांचा इंडिकेटर लागला. घोडं अडलं ते कॉम्प्युटरपाशी. पावती निघायची ती एका 386 मशीनवर, आणि त्या मशीनला सिरियल पोर्ट होते दोनच. एकावर माऊस, दुसऱ्यावर जुना काटा. तिसऱ्या पोर्टासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक सिरियल कार्ड मागवलं. ते आलं वर्तमानपत्रात गुंडाळून. डबा नाही, पुस्तिका नाही, बनवणाऱ्याचं नावही नाही. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत जेपी1 ते जेपी8 एवढंच छापलेलं. पहिल्या सात ठिकाणी दोन-दोन पिनांची एकेक जोडी. प्रत्येक जोडीवर जंपरची काळी टोपी होती, पण दोन्ही पिनांवर दाबून बसवलेली नव्हती. हरवू नये म्हणून एकाच पिनेवर लटकवलेली. जेपी8 म्हणजे पाच जोड्यांची ओळ, त्यातल्या एकाच जोडीवर टोपी नीट बसलेली. कुठला जंपर कशासाठी, हे सांगणारं कोणी नव्हतं.

काम आलं ते इन्स्ट्रुमेंट विभागात नव्यानं लागलेल्या पोराकडं. डिप्लोमा पहिल्या वर्गात पास, हात चपळ, जिभेला धार. सगळा कारखाना त्याला 'इंजिनिअर' म्हणायचा, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चिडवायला. त्याच विभागात अण्णा होते, तीस वर्षं जुने मेकॅनिक. बॉयलरच्या रिले पॅनलपासून मिलच्या मीटरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. निवृत्तीला एवढाच हंगाम उरला होता.

बॉयलर पेटला होता. चार दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकून हंगाम सुरू व्हायचा होता. पोरानं कार्ड स्लॉटमध्ये घातलं, मशीन सुरू केलं, तर माऊस मेला. कार्ड काढलं, दोन टोप्या दाबल्या, परत घातलं. माऊस जिवंत झाला, पण नवा काटा मुका. मग तिसरी टोपी दाबली, पहिली उचलली, दुसरी उचलली, पाचवी दाबून पाहिली. असं करत करत दिवेलागणीला स्क्रीनवर नव्या काट्याचा आकडा उमटला. शिपायाला प्लॅटफॉर्मवर उभं केलं तर आकडा 60 वर गेला, उतरवलं तर शून्यावर आला. पोरानं कॅबिनेटचं झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले आणि चहा मागवला.

अण्णा दारात उभे होते. म्हणाले, “चाललं व्हय?”

“चाललं की, अण्णा.”

“कशामुळं चाललं?”

“जंपर बदलले.”

“कुठले? आधी कसे होते, आता कसे आहेत, लिहून ठेवलंस?”

पोरगा हसला. “चाललंय म्हटल्यावर लिहायचं कशाला? बंद पडलं असतं तर लिहिलं असतं.”

अण्णा काही बोलले नाहीत. मोळीच्या कार्यक्रमात चेअरमन साहेबांनी भाषणात पोराचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. एका रुपयाचीही पुस्तिका न लागता परदेशी कार्ड बसवणारा मुलगा म्हणून गावात बोलबाला झाला.

हंगाम भरात आला. तीन आठवडे काटा सुरळीत चालला, निदान सगळ्यांना तसं वाटलं. मग एका सकाळी पाळी बदलण्याच्या सुमारास केबिनच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. बीडकडची ऊसतोड कामगार. नवरा बैलांपाशी थांबलेला. तिच्या हातात दोन पावत्या होत्या, एक स्वतःच्या गाडीची आणि दुसरी पुढच्या गाडीवाल्याकडून मागून आणलेली.

“साहेब, ह्या दोन्हीवर वजन एकच हाय. दोन हजार तीनशे पंचेचाळीस.”

क्लार्क म्हणाला, “असंल की. सारख्याच गाड्या, सारखाच ऊस.”

“सारखा कसा? मोळ्या म्या बांधल्यात. त्यांच्या गाडीत न् आमच्या गाडीत बारा मोळ्यांचा फरक हाय. बारा मोळ्या हवेत गेल्या का?”

क्लार्कनं वर पाहिलं नाही. गाडी तर रिकामी झाली होती, ऊस गव्हाणीत जाऊन त्याचा रसही निघाला असेल. परत तोलणार काय? पण बाईचा आवाज मागच्या गाडीवाल्यानं ऐकला, त्याच्या मागच्यानं ऐकला, आणि रांगेतून एक शब्द पुढं सरकत आला: काटा मारला. साखर कारखान्याच्या आवारात याहून वाईट शब्द नाही. दहा मिनिटांत शंभर माणूस केबिनभोवती गोळा झालं. शेतकी अधिकारी आले, चिटबॉय आले, शेवटी चीफ इंजिनिअर साहेब आले.

पोराला बोलावलं. तोवर नव्या पाळीचा क्लार्क बसला होता, त्यानं आपलं नाव घालून प्रोग्रॅम नव्यानं सुरू केला होता. पोरानं 20 किलोची प्रमाणित वजनं एकेक करून प्लॅटफॉर्मवर चढवली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. इंडिकेटर बरोबर, स्क्रीनही बरोबर. “काट्यात काही नाही,” तो म्हणाला. पण त्या दोन पावत्या लोकांच्या हातात फिरत होत्या, आणि दुसऱ्या एका गाडीवानानं परवाच्या तारखेच्या आणखी दोन काढल्या. त्यावरही वजन किलोला किलो सारखं.

साहेब म्हणाले, “कार्डाचा दोष असंल तर बघ.”

बघ म्हटल्यावर पोरानं तेच केलं, जे त्याला येत होतं. मशीन बंद करून कार्ड काढलं, खोडरबरानं सोनेरी बोटं घासली, आणि जंपर हलवायला सुरुवात केली. एक दाबला, एक उचलला. काटा मुका झाला. परत पहिल्यासारखं करावं, तर पहिल्यासारखं म्हणजे कसं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुपार झाली. नवा काटा स्क्रीनवर काही दाखवेना. साहेबांनी पावत्या हातानं लिहायचा हुकूम दिला. क्लार्क इंडिकेटरचे लाल आकडे वाचून वहीत उतरवू लागला, गाडीवान खिडकीतून डोकं घालून आकडा स्वतः वाचू लागले. काम निम्म्या वेगानं, पण आरडाओरडा थांबला.

रात्री नऊला पोरगा वर्कशॉपमध्ये बसला होता, समोर कार्ड आणि सात टोप्या. अण्णा मल्टीमीटर, भिंग आणि एक जुनी वही घेऊन आले.

“किती वेळा फिरवलास?”

“मोजलं नाही.”

“मी मोजतो. सात जोड्या, प्रत्येक उघडी नाहीतर मिटलेली. किती तऱ्हा?”

“एकशे अठ्ठावीस.”

“आणि त्या जेपी8 च्या पाच जोड्या, त्यातली एकच मिटायची. म्हणजे एकशे अठ्ठावीस गुणिले पाच, सहाशे चाळीस. एका तऱ्हेला मशीन बंद कर, कार्ड काढ, बदल, घाल, सुरू कर, तपास. पाच मिनिटं धर. न झोपता, न जेवता दोन दिवसांवर जाईल. मागं तुला चार तासांत लागलं, ते तुझं नशीब होतं. आज नशीब सुट्टीवर आहे. आता काय करशील?”

पोरगा गप्प.

“या कार्डातलं तुला नक्की काय माहीत आहे?”

“काहीच नाही. पुस्तिकाच नाही.”

“खोटं. स्लॉट माहीत आहे की.” अण्णांनी वही उघडली. कधीतरी एका मेंटेनन्स कोर्सला ते गेले होते, तेव्हा उतरवून घेतलेला तक्ता होता. “आयबीएमनं 1981 साली पीसी काढला, तेव्हा स्लॉटच्या सगळ्या तारा, सर्किटसकट, पुस्तकात छापून विकल्या. म्हणून तर जगभर कोणीही त्याची कार्डं बनवू लागलं. या कार्डाला नाव नसंल, पण ही 62 बोटं त्याच स्लॉटात बसतात. वरच्या बाजूला 31, खालच्या बाजूला 31. मोजायची पाठीमागच्या पत्र्याच्या बाजूनं. बनवणाऱ्यानं मधे काय वाट्टेल ते केलं असंल, पण बोटांपाशी त्याला सगळ्यांसारखंच वागावं लागलंय. तिथून सुरुवात कर.”

पोरानं आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून, आणि कार्ड उचललं. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावला. अण्णांनी वहीतलं बोट दाखवलं. “सोल्डरची बाजू. एकवीस ते पंचवीस. तिथं ओळीनं कार्डानं मशीनला हाक मारायच्या तारा: आयआरक्यू सात, सहा, पाच, चार, तीन. आणि आयआरक्यू दोन चौथ्या बोटावर.”

एक टोक तेविसाव्या बोटावर, दुसरं जेपी8 च्या पहिल्या पिनेवर. शांत. दुसऱ्या पिनेवर. शांत. तिसऱ्या पिनेवर मीटर बीप करून ओरडला. पोरानं कागदावर तिसऱ्या जोडीपुढं पाच लिहिलं. पंचवीस, चोवीस, एकवीस आणि चार यांच्याही जोड्या सापडल्या. बावीस कुठंच लागत नव्हतं.

“सहा कार्डानं घेतलेलाच नाही,” पोरगा म्हणाला.

“बरोबर केलंय. सहा फ्लॉपीचा.”

आता सात जोड्या. वरच्या बाजूची बावीस ते अठ्ठावीस ही बोटं पत्त्याच्या तारांची, ए9 पासून ए3 पर्यंत. त्या बोटांपासून मीटर जंपरपर्यंत पोचेना. पोरगा हिरमुसला. अण्णांनी भिंग त्याच्या हातात दिलं. तांब्याच्या पट्ट्या बोटांपासून निघून वीस पायांच्या एका चिपकडे जात होत्या. चिपवर 74एलएस688 लिहिलेलं.

“ही काय करते?”

“दोन आकडे शेजारी शेजारी ठेवते आणि सारखे आहेत का एवढंच सांगते. एका बाजूला मशीननं हाक मारलेला पत्ता, दुसऱ्या बाजूला जंपरनी मांडलेला. जुळले तर कार्ड ओ देतं, नाहीतर गप्प राहतं.”

मग ते जोडीनं लागले. बोटापासून चिपच्या पायापर्यंत एक बीप, त्याच्या जोडीदार पायापासून जंपरच्या पिनेपर्यंत दुसरा बीप. अशा सात जोड्या. प्रत्येक जंपरची दुसरी पीन ग्राउंडला लागत होती, आणि पहिल्या पिनेपासून एक छोटा रेझिस्टर पाच व्होल्टकडे. पोरगा आपणच म्हणाला, “म्हणजे टोपी बसली की शून्य, उघडी राहिली की एक.”

“आणि कार्ड आलं तेव्हा?”

“सगळ्या उघड्या. सगळे एक.” त्यानं कागदावर मांडलं. “3एफ8. हा तर पहिल्या सिरियल पोर्टाचा, कॉम-1 चा पत्ता. माऊस त्याच पत्त्यावर! म्हणून पहिल्यांदा माऊस मेला.”

“आणि कॉम-3?”

“3ई8. फरक फक्त ए4 चा.” त्यानं कागदावरून बोट फिरवलं. “एकच टोपी दाबायची होती, अण्णा. त्या दिवशी मी सगळ्या फिरवल्या आणि शेवटी नेमकी ही एकटी दाबलेली राहिली.”

त्यानं ए4 ची टोपी दाबली, बाकीच्या एका पिनेवर लटकवल्या. मशीन सुरू केलं. अण्णांनी त्याला प्रोग्रॅम लावू दिला नाही. डॉसमध्ये डीबग उघडायला लावलं आणि 3ई8 पासून सात पुढं, 3ईएफ वर, 55 लिहायला लावलं. सिरियल पोर्टाच्या चिपमधल्या त्या जागेला काही काम नसतं, टाकाल ते जपून ठेवते. वाचलं तर 55 आलं. कार्ड काढून तेच वाचलं, तर एफएफ. रिकाम्या पत्त्यावरून एफएफच येतं.

“आता कार्ड कुठं राहतं ते मला माहीत आहे,” पोरगा म्हणाला. “लावू का प्रोग्रॅम?”

“आणि त्या बाईच्या बारा मोळ्या?”

पोरगा थांबला. पत्ता सापडला होता, पण तक्रार पत्त्याची नव्हतीच. काटा तीन आठवडे चालत होता, आणि चालत असतानाच खोटा कागद देत होता. तो कागदाकडं बघत राहिला. जेपी8 ची टोपी अजून जिथं आली होती तिथंच, चौथ्या जोडीवर होती. चौथ्या जोडीपुढं त्यानंच लिहिलं होतं: आयआरक्यू चार.

“माऊसही चारवरच असतो,” तो हळूच म्हणाला. “कॉम-1 आणि कॉम-3, दोघांना चार. कॉम-2 आणि कॉम-4, दोघांना तीन. मग काटा चालत कसा होता?”

“तू सांग.”

“पत्ता वेगळा, पण हाक मारायची तार एक.”

“एका घंटेच्या दोरीला दोघं,” अण्णा म्हणाले. “या मशीनला घंटा वाजलेली कळते ती दोरी खेचली जाते त्या क्षणी. एकानं खेचून धरली असताना दुसऱ्यानंही खेचली तर नवा टोला पडतच नाही. ज्याचा टोला हुकला तो दोरी धरून बसतो, कारण त्याचं काम कोणी केलेलं नसतं. मग पुढं कोणाचीच घंटा वाजत नाही.”

“मग स्क्रीनवर शेवटचं आलेलं वजन तसंच राहणार! पण हे रोज, दर गाडीला व्हायला पाहिजे.”

“माऊस रोज कोण हलवतं?”

पोरगा उठून उभाच राहिला. दिवसभर क्लार्क कीबोर्डवर काम करायचे. माऊसला हात लागायचा फक्त पाळी संपताना, मेनूतून पाळीचा गोषवारा काढायला. त्या वेळी शेवटच्या दोन-तीन गाड्या काट्यावर असायच्या. माऊस अडकला की क्लार्क त्याला शिव्या घालत कीबोर्डनं उरकायचा. आणि नव्या पाळीचा माणूस येऊन प्रोग्रॅम नव्यानं सुरू करायचा, की सगळं निर्मळ. तक्रारी पाळीबदलाच्या, तपासणी मात्र नेहमी त्यानंतरची.

त्यानं चिमट्यानं जेपी8 ची टोपी उचलली आणि तिसऱ्या जोडीवर, पाचवर बसवली. पाच म्हणजे दुसऱ्या प्रिंटरची जागा, आणि कारखान्यात प्रिंटर एकच होता. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये चारच्या जागी पाच केला. मध्यरात्री मशीन केबिनमध्ये नेऊन जोडलं. अण्णा प्लॅटफॉर्मवर उभे राहिले, पोरगा माऊस गरगरा फिरवत राहिला. आकडा त्यांच्याबरोबर चढला, त्यांच्याबरोबर उतरला. एकदाही अडकला नाही.

“झालं!” पोरगा म्हणाला.

“नाही. बिघाड परत आण.”

“काय?”

“टोपी परत चारवर ठेव. फाइलीत परत चार लिही.”

“अण्णा, रात्रीचे बारा वाजलेत. बाहेर गाड्या उभ्या आहेत. चालू झालेलं बंद करायचं?”

“मागच्या खेपेलाही चालू झालं होतं.”

पोरानं मुकाट्यानं टोपी चारवर नेली. अण्णा प्लॅटफॉर्मवर चढले. स्क्रीनवर 65. पोरानं माऊस हलवला. काही झालं नाही. परत हलवला. तिसऱ्या खेपेला बाण जागच्या जागी थिजला. अण्णा खाली उतरले. इंडिकेटरवर लाल शून्य, स्क्रीनवर 65. प्लॅटफॉर्म रिकामा, आणि कागदावर अण्णा अजून उभेच. पोरगा कितीतरी वेळ दोन्ही आकड्यांकडं आळीपाळीनं बघत राहिला.

“आता पाचवर ने,” अण्णा म्हणाले. “आणि सकाळी हेच सगळ्यांसमोर कर.”

सकाळी चीफ इंजिनिअर साहेब कुरकुरले. दुरुस्ती झाली आहे, काटा चालू करा, गाजावाजा कशाला, असं त्यांचं म्हणणं. चूक झाली होती हे लोकांना दाखवून काय मिळवायचं? अण्णा म्हणाले, “साहेब, ‘काट्यात काही नाही’ असं आपण काल सकाळीही म्हणत होतो. आज त्यांनी का मानावं?” चेअरमन साहेबांचा फोन आला. त्यांना निवडणुका माहीत होत्या; काटामारीचा डाग किती वर्षं धुवावा लागतो, तेही माहीत होतं. ते म्हणाले, दाखवा.

बीडची ती बाई आणि तिचा नवरा, पुढच्या गाडीचा गाडीवान, दोन शेतकरी, एवढ्यांना केबिनमध्ये घेतलं. बाकीचे खिडकीतून. पोरानं झाकण उघडून कार्ड दाखवलं, टोपी चारवर ठेवली, बाईला प्लॅटफॉर्मवर उभं केलं, माऊस हलवला. आकडा थिजला. बाई खाली उतरून खिडकीशी आली. स्क्रीनवर तिचं वजन तसंच होतं.

“मी हिथं हाय,” ती म्हणाली, “अन् मशीन म्हनतंय तिथं हाय.”

“तुमच्या गाडीच्या वेळी हेच झालं, मावशी. काटा खरं सांगत होता. इंडिकेटरवर तुमचं वजन बरोबर पडलं असणार. कागदावर मात्र पुढच्या गाडीचं राहिलं. जंपर मी बसवला होता, आणि तो कशाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं.”

मग त्यानं टोपी पाचवर नेली आणि माऊस तिच्याच हातात दिला. तिनं तो घाबरत, मग जोरजोरात फिरवला. नवरा प्लॅटफॉर्मवर चढला, उतरला, परत चढला. आकडा त्याच्या मागं मागं गेला. बाईनं मान हलवली. रांगेत तिनं काय सांगितलं कोणास ठाऊक, पण गाड्या नव्या काट्याकडं वळल्या.

शेतकी विभागानं तीन आठवड्यांच्या पावत्या काढल्या. नव्या काट्यावर लागोपाठच्या गाड्यांचं वजन किलोला किलो सारखं कुठं आहे, एवढंच शोधायचं होतं. सापडल्या त्या बहुतेक पाळीबदलाच्याच. बिघाड समजला होता म्हणून शोधायचं कुठं, तेही समजलं. नाहीतर हजारो पावत्यांत कोण हात घालणार? ज्यांचं कमी लागलं होतं त्यांना त्याच दिवसाच्या त्यांच्या इतर खेपांच्या सरासरीनं फरक दिला, शेतकऱ्याला बिलात आणि मजुराला मजुरीत. ज्यांचं जास्त लागलं होतं, त्यांच्याकडून वसूल केलं नाही.

पोरानं कार्डाचं चित्र काढलं. कुठला जंपर कुठल्या तारेचा, सध्या कुठं आहे, कुठं ठेवायचा नाही आणि ठेवला तर काय होईल, हे सगळं लिहिलं, खाली तारीख घातली आणि कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला. हंगाम संपला, अण्णा निवृत्त झाले.

पुढच्या वळवात केबिनवर वीज कोसळली. इंडिकेटर गेला, कार्डही गेलं. मुंबईहून दुसरं कार्ड आलं, तेही बिनपुस्तिकेचं, आणि पहिल्यासारखं अजिबात नव्हतं. जंपरच्या जागी छोट्या स्विचांची पट्टी, चिपा वेगळ्या, नावं वेगळी. झाकणाच्या आतला कागद या कार्डाला लागू पडत नव्हता. शिपाई म्हणाला, “आता परत चार तास फिरवाफिरवी.”

पोरानं मल्टीमीटर काढला, पत्र्याच्या बाजूनं बोटं मोजली आणि पहिला बीप घेतला. तासाभरात स्विचांचा नवा तक्ता कागदावर होता. कार्ड पहिल्याच खेपेला बोललं. त्यानंतर त्यानं मुद्दाम एक स्विच चारवर नेला, माऊस हलवून आकडा अडकवला, परत पाचवर आणून सोडवला, आणि मगच झाकण लावलं. शिपायाला वाटलं, पोराचं डोकं फिरलंय. चांगलं चाललेलं कोण बिघडवतो?

1995 च्या विंडोजनंतर ज्यांची जागा मशीनच ठरवतं अशी कार्डं रुळली आणि जंपर हळूहळू दिसेनासे झाले. पण चालू पडलं की झाकण लावून टाळ्या घ्यायची घाई काही जंपरबरोबर गेली नाही.

तात्पर्य: काम जमलं म्हणजे ते कळलं असं नव्हे. जो बिघाड आपल्याला हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो, तोच सुटला म्हणावं. बाकीचे नुसते थांबलेले असतात, आणि त्यांची भरपाई बहुधा ज्याचा दोष नाही त्याच्या वजनातून होते.